शेजारच्या मुलीबद्दल संशय आहे, कुठं सांगायचं? आणि नंतर कागद कुणाला बघायला मिळतात? (सोलापूर)

पूर्वभागातली
नमस्कार मंडळी. लिहू का नको असं खूप चाललं होतं, आज लिहितेच. मी घरी शिकवण्या घेते, पहिली ते पाचवी. एक तिसरीतली मुलगी येते. घरात तेलुगू बोलतात, मराठी तिला जमतं पण अडखळत. आई विड्या वळते, माल द्यायला कारखान्यात गेली की पोरीला बाहेरून कुलूप लावून जाते असं दोनतीनदा बघितलंय. वडील नाहीत, आईसोबत एक माणूस राहतो. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहितीये, आपण पंख्याखाली बसून घामाघूम होतो आणि ही पोरगी फुल बाह्यांचा फ्रॉक घालून येते. परवा बाही वर सरकली तर दंडावर काळेनिळे डाग, काही जुने पिवळे पडलेले, काही ताजे. विचारलं तर म्हणाली पडले. शिकवणी सुटली की बाकीची पोरं पळतात, ही चप्पल शोधत बसते, आज इथंच झोपू का बाई असं एकदा म्हणाली. तो माणूस घ्यायला आला की गप्प होते एकदम.

आमच्या चाळीतल्या बायकांना सगळं माहिती आहे, पण म्हणतात दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं, उद्या तोच माणूस दारात येऊन बसेल. माझे प्रश्न असे की माझ्याकडं पुरावा काहीच नाही, तरी सांगता येतं का? कुठं सांगायचं? माझं नाव बाहेर येईल का? आणि सांगितल्यावर पुढं काय झालं हे मला कुठं बघायला मिळतं का, म्हणजे रेकॉर्ड वगैरे? ती राहते [… गल्लीत, … च्या मागं].

संपादक मंडळ
ताई, गल्ली आणि खुणेची जागा आम्ही झाकली आहे. शाळा, वर्ग, गल्ली, आईचं काम एवढं एकत्र आलं की ओळखीचे लोक मुलगी कोण ते बरोबर ओळखतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापायला किंवा पसरवायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळ्यांनाच विनंती, उत्तर देताना ओळख पटेल असं काही विचारू नका आणि कुणी व्यनितून (खाजगी निरोपातून) पत्ता मागत असेल तर आम्हाला कळवा.

होटगीरोडकर
ताई तुमची कळकळ कळते, पण थोडं सबुरीनं घ्या असं सांगेन. आमच्या नात्यात असं झालंय. शेजाऱ्यांशी नळाच्या पाण्यावरनं भांडण होतं, त्यांनी रागानं तक्रार केली की पोराला मारतात, पोलीस आले, चौकशी झाली, काही निघालं नाही पण त्या आईबापाला गल्लीत मान वर करून चालता येईना, शेवटी घर बदललं. गरीब माणूस पोराला कुलूप लावून जातो कारण त्याला दुसरी सोय नसते, त्यात काय जुलूम आहे? आधी आईशी बोला की. बाईमाणूस बाईमाणसाला सांगेल. डायरेक्ट पोलीस म्हणजे लई झालं.

बार्शीचा वकील
होटगीरोडकर, तुमच्या नातेवाइकांचं वाईट वाटलं. पण ताईंनी सांगितलंय ते नुसतं कुलूप नाहीये. जुने आणि नवे डाग एकाच वेळी अंगावर असणं, उन्हाळ्यात अंग झाकणं, एका ठराविक माणसासमोर गप्प होणं, घरी जायला नको म्हणणं, हे सगळं एकत्र आलं की दुर्लक्ष करता येत नाही.

ताई, पुरावा गोळा करणं हे तुमचं काम नाही. पुरावा बघायला पोलीस आहेत, समिती आहे, डॉक्टर आहेत, कोर्ट आहे. तुम्ही फक्त काय बघितलं ते सांगायचं. आता कायद्यात दोन वेगळे रस्ते आहेत, त्यांची लोक सरमिसळ करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मारहाण, उपाशी ठेवणं, टाकून देणं, जाणूनबुजून हेळसांड, हे बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये येतं. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच असं केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण नुसत्या मारहाणीचं आणि हेळसांडीचं सांगायला ठाण्यात गेलात तर "अदखलपात्र आहे" म्हणून परत पाठवायची शक्यता असते, म्हणून इथं १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि बालकल्याण समितीचा रस्ता जास्त कामाचा. त्या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई असावी लागते.

दुसरा रस्ता पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, अगदी "असं घडण्याची शक्यता वाटते" एवढंच असेल तरी कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला सांगणं बंधनकारक आहे, तुम्हाला, मला, शाळेला, दवाखान्याला, सगळ्यांना. माहिती असून सांगितलं नाही तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत आणि दंड. मूल स्वतः गप्प राहिलं तर त्याला ही शिक्षा लागू नाही. चांगल्या हेतूनं माहिती दिली तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही, तेही कलम १९ मध्येच लिहिलंय. खोटी तक्रार म्हणजे कुणाचा अपमान करायला, पैसे उकळायला, धमकवायला मुद्दाम केलेली, त्याला कलम २२ आहे. तुमचा संशय नंतर चुकीचा निघाला म्हणजे तुमची तक्रार खोटी होती असं होत नाही.

हे "दुसऱ्याच्या घरात कशाला" वाल्यांसाठी लिहितो. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींचं प्रकरण होतं, मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांना कळूनही कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयानं त्यांच्यापुरता गुन्हा रद्द केला, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला आणि कळूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं स्पष्ट सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळावर का उतरले ते सगळ्यांना आठवत असेल, तिथंही शाळेच्या लोकांवर हेच २१ कलम लागलं.

झेडपी गुरुजी, मोहोळ
वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी शाळेतलं सांगतो. ताई, पोरीला खोदून खोदून विचारू नका. कुणी मारलं, कितीदा मारलं, अजून काय केलं, असे प्रश्न आपण चारदा विचारले की पोर आपल्याला बरं वाटेल ते उत्तर देतं, आणि पुढं तेच तपासात आडवं येतं. ती आपणहून बोलली तर फक्त ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही आणि मग पोराचा आपल्यावरचा विश्वास जातो.

एका वहीत लिहून ठेवा. तारीख, वार, काय दिसलं, अंगावर कुठं, पोर काय बोललं ते तिच्याच शब्दांत, तेलुगूत बोलली तर तेलुगूतच मराठी अक्षरांत लिहा. तुमचं मत लिहू नका, फक्त दिसलं-ऐकलं ते. फोटो काढू नका अंगाचे, ते डॉक्टरचं काम.

आणि होटगीरोडकरांना सांगतो, आईशी आधी बोला हा सल्ला दरवेळी बरोबर नसतो. तो माणूस घरात असेल आणि आईच त्याला भिऊन असेल तर तुम्ही बोलल्याचं त्याला संध्याकाळी कळणार आणि रात्री मार पोरीलाच.

शाळेतून पण जाता येतं. आपल्या राज्यात शाळांत सखी सावित्री समिती असावी असा २०२२ चा शासन निर्णय आहे, तक्रारपेटीही असते. मुलीच्या वर्गशिक्षिकेला विश्वासात घेता आलं तर तिच्याकडं हजेरी असते, पोर कधीपासून कमी यायला लागली ते त्यावरनं कळतं.

पूर्वभागातली
गुरुजी, वकीलदादा, खूप आभार. मी आजपासून वहीत लिहायला घेतलं. एक विचारायचं राहिलं, मला दुसराही संशय आहे पण तो इथं लिहायला हात धजत नाही. पोर कधी तसं काही बोलली नाही. मग मी १०९८ ला फोन करू का पोलिसांकडं जाऊ? आणि १०९८ ला फोन केल्यावर नक्की होतं काय? गाडी घेऊन येतात आणि पोरीला उचलून नेतात असं चाळीत म्हणतात.

जुनी कार्यकर्ती
ताई, मी या कामात बरीच वर्षं होते (सोलापूर आणि शेजारचा जिल्हा) त्यामुळं सांगते.

१०९८ ची सुरुवात १९९६ ला मुंबईत झाली, टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून. पूर्वी हे काम संस्थांकडं असायचं, २०२३ पासून मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत सरकारच्या यंत्रणेकडं गेलं, जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष आहे त्याच्याशी आणि ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरशी जोडलं. फोन चोवीस तास, फुकट, मोबाईलवरून पण लागतो. नाव न सांगता पण माहिती देता येते. मुलाचं नाव किंवा अंदाजे वय, कुठं सापडेल, काय दिसलं, आत्ता धोका आहे का, घरात कोण कोण आहे, मूल कुठली भाषा बोलतं, असं विचारतात. भाषेचं नक्की सांगा ताई, आपल्याकडं पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, आणि मराठीत विचारत बसलं की पोर "हो" म्हणत राहतं. पोक्सोत तर जबाब घेताना दुभाष्याची मदत घेता येते अशी तरतूदच आहे.

मग माणूस येतो, साध्या कपड्यात, गल्लीत गाजावाजा न करता बघायचा प्रयत्न असतो. शाळेत जाऊन पण भेटतात. मुलाला लगेच धोका असेल तर तिथून काढतात आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढं हजर करावंच लागतं. उचलून नेतात हा समज लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसलाय की त्यापायी किती जण फोनच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कायदा म्हणतो संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी घर, नाही तर आजीआजोबा मामा मावशी, तेही नसलं तर बाकीचं. समिती सामाजिक तपासणी करायला सांगते, म्हणजे घरी जाऊन कमाई, माणसं, शेजार, शाळा सगळं बघून अहवाल लिहितात, तो १५ दिवसांत यायला पाहिजे, आणि एकूण चौकशी चार महिन्यांत संपवून आदेश.

आणि कुलपाचं म्हणाल तर होटगीरोडकर अर्धे बरोबर आहेत. विडी वळणारी बाई हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला दिवसभर खाली मान घालून बसते, तिला पाळणाघर कुठलं. अशा घरात तक्रारीचा उपयोग मदत पोचवायला होतो. एकल पालक असेल तर बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात, वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४००० आहेत. या योजनांचे अर्ज महिला व बालविकास कार्यालयातूनच होतात. मला आठवतंय, कुलूपबंद पोराची तक्रार आली होती आणि शेवट अंगणवाडी आणि बालसंगोपनच्या अर्जावर झाला, पोर आईकडंच राहिलं. पण अंगावर डाग असले की गोष्ट वेगळी.

दुसरा संशय आहे म्हणालात ना, तो फोनवर बोला. इथं नको. तुम्ही "मला भीती वाटते, कारण असं असं दिसलं" म्हणालात की पुढचं ते बघतात, पोलिसांना कळवणं पण त्यात आलं. रात्री आरडाओरडा ऐकू आला तर १०९८ ची वाट न बघता ११२.

स्टाफनर्स सोलापूर
थोडं वैद्यकीय. लैंगिक अत्याचाराचा संशय असलेलं मूल दवाखान्यात आणलं तर आधी एफआयआर आणा, पोलिसांचं पत्र आणा असं कुणी म्हणू शकत नाही. पोक्सो कलम २७ मध्ये गुन्हा नोंदला नसला तरी तपासणी करायची असं आहे, २०२० च्या नियमांत पत्र मागू नका असं स्वच्छ लिहिलंय. उपचार फुकट, सरकारी असो का खाजगी. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनंच करायची आणि आई किंवा मुलीचा विश्वास असलेलं माणूस सोबत पाहिजे. नुकतंच काही घडलं असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते. लोक आपुलकीनं आधी पोराला स्वच्छ करतात, समजू शकते, पण मग सगळं जातं.

एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या केसच्या वैद्यकीय नोंदीच्या) कागदावर "पडून लागलं" असं नातेवाईक सांगतात. डागाची जागा आणि रंग बघून आम्हाला शंका येते तेव्हा आम्ही तसं लिहितो. पडल्यावर गुडघा, कोपर, कपाळ फुटतं. दंडाच्या आतल्या बाजूला, पाठीवर, मांडीच्या मागं ओळीनं डाग सहसा पडून होत नाहीत.

एक बाप
मला दुसऱ्या बाजूचं विचारायचंय. बायको माहेरी, मुलगा तिच्याकडं, केस चालू आहे. माझ्याविरुद्ध कुणीतरी १०९८ ला फोन केला होता, चौकशी होऊन संपली, काही निघालं नाही. मला त्याची फाईल पाहिजे. कुणी फोन केला त्याचं नाव मला कळलंच पाहिजे, माझी बदनामी झालीय. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर नकार आला. अपील करू का?

बार्शीचा वकील
दादा, दोन गोष्टी वेगळ्या करा. फोन कुणी केला हे कळणार नाही, कळूही नये. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(छ) बघा, माहिती देणाऱ्याची ओळख पटेल किंवा त्याच्या जिवाला धोका होईल अशी माहिती देता येत नाही. उद्या फोन करणाऱ्यांची नावं वाटायला लागले तर परवापासून १०९८ ची घंटी वाजायची बंद होईल आणि त्यात तुमच्या मुलाचंही नुकसान आहे, त्याला उद्या कधी मदत लागली तर?

फाईलचं म्हणाल तर बाल न्याय अधिनियमाचं कलम ९९. समितीपुढं आलेले मुलाबद्दलचे अहवाल गोपनीय. पण त्याच कलमात आहे की समितीला योग्य वाटलं तर अहवालाचा सारांश मुलाला, आईवडिलांना किंवा पालकाला सांगता येतो आणि त्यावर तुमचं म्हणणं, पुरावा मांडायची संधी देता येते. म्हणजे तुम्ही माहिती अधिकाराच्या दारात उभे आहात, दार चुकलंय. समितीकडं साधा अर्ज करा, मी वडील आहे, अमुक तारखेच्या सुमारास चौकशी झाली, तिचा सारांश आणि शेवटचा आदेश मिळावा. समितीच्या आदेशावर तक्रार असेल तर कलम १०१ प्रमाणे ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील. घटस्फोटाच्या केसमध्ये तो कागद हवा असेल तर तिथल्या न्यायाधीशांमार्फत मागवा, बंद पाकिटात येईल. आणि विनंती आहे, नाव शोधण्यापेक्षा मुलाची भेट नियमित मिळावी यासाठी जोर लावा.

एक बाप
ठीक आहे. राग आहे मनात, पण पटलं. अर्ज करतो.

संस्थेत वाढलेला
पहिल्यांदाच लिहितोय. मी सहाव्या वर्षापासून अठरा होईपर्यंत बालगृहात होतो, सोलापूर जिल्ह्यातल्याच. आता एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. मला घरनं का काढलं, कुणी आणलं, माझी एक लहान बहीण होती असं पुसट आठवतंय ती कुठं गेली, हे मला कुणी सांगितलं नाही. संस्थेत विचारलं तर म्हणाले जुने रेकॉर्ड आहेत, तुला दाखवता येत नाहीत, गोपनीय आहे. माझ्याच आयुष्याचा कागद माझ्यापासूनच गोपनीय कसा? पासपोर्टला जन्माचा पुरावा पाहिजे तोही माझ्याकडं नाही.

बार्शीचा वकील
भावा, तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. ज्या कलम ९९ मध्ये गोपनीयता सांगितलीय त्याच्याच पोटकलम (२) मध्ये म्हटलंय की या कायद्यात दुसरं काहीही असलं तरी पीडिताला त्याच्या प्रकरणाची नोंद, आदेश आणि संबंधित कागद नाकारता येणार नाहीत. गोपनीयता जगापासून तुला वाचवायला आहे. तुलाच बाहेर ठेवायला नाही. (मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचं प्रकरण असतं तेव्हा ती नोंद ठराविक काळानं नष्ट करतात, ते वेगळं. तुझं तसं नाही.)

अर्ज संस्थेकडं नको, बालकल्याण समितीच्या नावानं कर, एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. लिही: मी अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत अमुक बालगृहात होतो, कलम ९९(२) प्रमाणे माझ्या फाईलच्या प्रती मिळाव्यात. काय मागायचं ते नावं घेऊन माग, नाहीतर एक पान हातात देतात. पहिल्यांदा हजर केल्याचा कागद आणि आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा, वयाबद्दलचा आदेश, शाळेच्या आणि दवाखान्याच्या नोंदी, एका संस्थेतून दुसरीकडं हलवलं असेल तर ते आदेश, सुटकेचा आदेश. वयाबद्दल समितीचा जो आदेश असतो तो या कायद्यापुरता खरं वय मानला जातो, जन्माच्या दाखल्यासाठी पुढं धावपळ करायला तोच पहिला आधार. पोच घे, तारखेच्या शिक्क्यासकट. वकील नसेल तर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० वर फोन कर.

बहिणीची फाईल वेगळी असणार आणि ती तिची आहे, त्यामुळं तिचे कागद तुला मिळणार नाहीत. पण "माझा निरोप आणि फोन नंबर तिच्यापर्यंत पोचवा, तिची इच्छा असेल तर भेटवा" असा अर्ज समितीकडं नक्की करता येतो. तो वेगळा कर, एकाच अर्जात घालू नको.

जुनी कार्यकर्ती
बाळा, अर्ज लिहायला कुणी पाहिजे असेल तर मला व्यनि कर. आणि फाईल हातात आली की एकट्यानं खोलीवर बसून वाचू नको, कुणीतरी सोबत ठेव. त्या अहवालांची भाषा कोरडी असते, आईबद्दल चार ओळींत काहीही लिहिलेलं असतं, लिहिणाऱ्यानं एका भेटीत बघितलेलं असतं. ते पूर्ण सत्य समजू नको.

संस्थेत वाढलेला
व्यनि केलाय ताई. 🙏

होटगीरोडकर
वकीलसाहेब, समजा पोक्सोचं आहे आणि ठाण्यात घेतलंच नाही तर? "घरचं मॅटर आहे, मिटवून घ्या" म्हणाले तर?

बार्शीचा वकील
पोक्सोत मिटवामिटवी नाही. माहिती मिळाली की नोंदवायची, तिला क्रमांक द्यायचा, लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवायचं. नोंदवून न घेणं हा स्वतःच कलम २१ खाली गुन्हा आहे, हे शांतपणे सांगा. माहिती घेणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतःचं नाव, हुद्दा, पत्ता, फोन आणि वरिष्ठाचा संपर्क तुम्हाला द्यायचा असतो, २०२० च्या नियमांत आहे, मागून घ्या. तरी नाहीच घेतलं तर शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणला पोलीस अधीक्षक, लेखी टपालानं, पोच सांभाळा, आणि त्यापुढं कोर्ट. हद्दीचं कारण चालत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंद होते.

पुढचं पण सांगून ठेवतो. पोलिसांनी २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या बाई अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवायचं नाही कुठल्याही कारणानं. घरच्यांना एफआयआरची प्रत फुकट. तपास कुठपर्यंत आलाय हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवायचं असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. समिती एक सहायक व्यक्ती नेमून देते, ती कोर्टापर्यंत कुटुंबाच्या सोबत राहते, तिला काहीही विचारा, त्यासाठीच ती असते. पीडितांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणात.

झेडपी गुरुजी, मोहोळ
ऊसतोडीचं पण कुणीतरी बोला. आमच्याकडं कोयता गेला की मागं आजीकडं राहिलेल्या पोरी असतात, नाहीतर सोबत फडावर जातात. पोरगी चौदा-पंधराची झाली की आईबाप भितात, मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लग्न उरकतात. ते लग्न म्हणजे त्यांच्या दृष्टीनं संरक्षणच असतं आणि त्यातच पोरीचं सगळं संपतं. हळदीच्या आदल्या दिवशी कळलं तरी फोन करा, १०९८ वर बालविवाहाचं पण घेतात. खेड्यात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला तोंडी नको, लेखी द्या, मोबाईलवर मेसेज टाकला तरी तारीख राहते. पत्रिकेचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकून "हे थांबवा" असं करू नका, मंडप रात्रीत दुसऱ्या गावाला हलतो.

पूर्वभागातली
कळवायचं होतं. फोन केला मी. नाव सांगितलं, लपवलं नाही, पण बाहेर देऊ नका म्हणाले. वहीतलं वाचून दाखवलं, तेलुगू बोलतात तेही सांगितलं. मनातला तो दुसरा संशयही सांगितला, जड गेलं पण सांगितलं. नंतर एक मॅडम शाळेत येऊन गेल्या असं दुसऱ्या पालकांकडून कळलं. मुलगी सध्या तिच्या आजीकडं आहे, अशोक चौकाकडच्या नाही, दुसऱ्याच गावाला [गाव काढलं – संपादक मंडळ]. मी परत फोन करून विचारलं काय झालं, तर "दखल घेतली आहे, मूल सुरक्षित आहे" एवढंच सांगितलं, बाकी सांगता येणार नाही म्हणाले. आधी मला राग आला असता, पण वरचं सगळं वाचल्यामुळं कळलं की ती फाईल तिची आहे. मोठी झाल्यावर तिला बघता यावी एवढंच वाटतं. वही मी कपाटात ठेवलीय, पोलिसांनी विचारलं तर देईन.

स्टाफनर्स सोलापूर
वही जपून ठेवा ताई, लॅमिनेशन वगैरे काही करू नका, पानं फाडू नका, नवीन वहीत उतरवून काढू नका. जशी आहे तशीच.

अक्कलकोट रोड
उशिरा आलो धाग्यावर. आमच्या ओळखीत एक मुलगा आहे, बापानं त्याला अक्कलकोटवरनं पलीकडं कलबुर्गीला हॉटेलात कामाला ठेवलंय असं कळतंय, वय बारातेरा. आता ते राज्यच वेगळं, इथून कुणाला सांगायचं?

बार्शीचा वकील
१०९८ देशभर एकच आहे. इथून लावा, पत्ता कर्नाटकातला आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, तिकडच्या जिल्ह्याला कळवतात. चौदाच्या आतल्या मुलाला हॉटेलात कामाला ठेवायला बंदी आहे, मालकावर गुन्हा होतो. सोडवलेलं मूल तिकडच्या बालकल्याण समितीपुढं जातं आणि मग मुलाच्या मूळ जिल्ह्याच्या समितीकडं, म्हणजे आपल्याकडं, पाठवता येतं. हॉटेलचं नाव, बसस्टँडपासून कसं जायचं, मुलाला कन्नड येतं का मराठीच, एवढं लिहून हाताशी ठेवा. बापाला आधी सांगू नका, पोरगं दुसऱ्या हॉटेलात जाईल.

अक्कलकोट रोड
हॉटेलचं नाव माझ्या भावाला माहिती आहे. त्याला विचारून आत्ताच लावतो.